दुसऱ्यासाठी मागण्याचे शिक्षण

(ज्ञातीच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे गौरव झाला त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या गुणांचे कौतुक माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केलेच आहे, तेव्हा त्यात मी भर घालीत नाही. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. उभा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. चिटणिसांनी बोलण्याचा आग्रह धरला तेव्हा मी त्यांना एकच अट घातली की, विषय माझा मी निवडीन. तो विषय म्हणजे आपल्या विद्यार्थी साहाय्यनिधीची वार्षिक फेरी.

आपणां सर्वांस ठाऊकच आहे की, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी आपली मुले-मुली डबे आणि पावतीपुस्तके घेऊन घरोघर जातात आणि जमलेल्या पैशांतून गरजू विद्यार्थ्यांची पुस्तके, शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च भागविला जातो. आता कार्यकारी मंडळापुढे असा विचार आला आहे की, ही फेरी येत्या वर्षापासून बंद करावी. कारण उघड आहे. आता क्यूआर कोडचे चौकोनी चित्र प्रत्येकाच्या फोनवर धाडले की घरबसल्या वर्गणी जमा होते, पावतीही तत्क्षणी मिळते. मुलांची फेरी दिवसभर उन्हात हिंडून जे आणते ते त्या मानाने पुष्कळच कमी असते. खजिनदारांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून दाखविले आहेत आणि त्यांच्या बेरजेत काडीचीही चूक नाही.

तथापि खजिनदारांची क्षमा मागून मला असे म्हणावयाचे आहे की, ही फेरी केवळ जमेच्या बाजूवर तोलण्याची वस्तू नव्हे. निधीला तिच्यापासून थोडे मिळत असेल, परंतु जी मुले डबा घेऊन जातात त्यांना तिच्यापासून जे मिळते ते माझ्या वर्गात मी त्यांना कधीही देऊ शकलो नाही. हे मी विनयाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. काही दशके मी मुलांना ध्वजदिनाच्या, पूरग्रस्तांच्या आणि भूकंपग्रस्तांच्या निधीसाठी घेऊन हिंडलो आहे. तेव्हा जे पाहिले ते थोडक्यात सांगतो.

मागणे ही हलकी गोष्ट आहे असा आपल्या सुशिक्षित घरांतून एक समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणारी बाई पुष्कळदा घरची खाऊनपिऊन सुखी असते. तिला पीठमिठाची वाण नसते, तरी ती पाच उंबऱ्यांपुढे उभी राहते, कारण तेवढा वेळ मीपणा खाली ठेवावा अशी त्या चालीची अपेक्षा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पुण्यात शिकावयास येणारी कित्येक गरीब मुले माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. त्यांचे मागणे स्वतःसाठी होते. त्यात लाज होती, पण लबाडी नव्हती. आपल्या मुलांचे मागणे तिसऱ्याच प्रकारचे आहे. ते ना देवीच्या नावाने, ना स्वतःच्या पोटासाठी. ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही अशा कोणासाठी तरी ते मागावयाचे असते. म्हणूनच ते सर्वांत अवघड. देवीचे नाव घेतले की समोरचा हात जोडतो, भुकेले मूल पाहिले की त्याला दया येते. परंतु चांगले कपडे घातलेला नववीतला मुलगा दारात उभा राहून ‘निधीसाठी काही द्या’ म्हणतो तेव्हा समोरचा माणूस त्याला प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांतच खरे शिक्षण आहे.

एक उदाहरण देतो. एका वर्षी दोन मुले एका शिंप्याच्या दुकानात गेली. त्यांनी पाठ केलेले वाक्य म्हटले. शिंप्याने यंत्रावरचा पाय न थांबविता विचारले, “बाळांनो, मागल्या वर्षी मी पन्नास रुपये दिले होते, त्यांचे काय केलेत?” मुले गप्प राहिली. त्यांना ते माहीतच नव्हते. तो म्हणाला, “विचारून या, मग देतो.” मुले रागारागाने माझ्याकडे आली. त्यांच्या मते तो माणूस चिक्कू होता. मी त्यांना गतवर्षीचा हिशेब काढून दिला: इतक्या जणांची पुस्तके, इतक्यांचे शुल्क, इतके शिल्लक. तो कागद घेऊन ती परत गेली. शिंप्याने चष्मा लावून तो संपूर्ण वाचला आणि शंभराची नोट दिली. त्या वर्षापासून मी एकाही मुलाला मागील हिशेब वाचल्यावाचून दारोदार जाऊ दिले नाही. देणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आहे आणि मागणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन आहे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतेच. पण ते त्या मुलांना शिलाई यंत्राच्या खडखडाटात कळले.

हिशेबाचा विषय निघाला आहे तर आणखी थोडे बोलतो, कारण माझ्या मते या कार्याचा गाभाच तो आहे.

पैसा फंडाचे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तरी ऐकले असेल. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांनी अशी कल्पना काढली की, प्रत्येक माणसाने एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून स्वदेशी उद्योग उभा करावा. लोकांनी प्रथम त्यांची चेष्टा केली. पुढे लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. मी सातवीच्या मुलांना गणित शिकविताना हेच उदाहरण घालीत असे. त्या काळी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ पासून. तेव्हा पैशापैशाने शंभर रुपये जमवावयाचे तर किती माणसांपुढे हात पसरावा लागेल? ६,४०० माणसांपुढे. एका स्वयंसेवकाला दिवसाकाठी ऐंशी माणसे भेटली आणि त्यांतील एकानेही नकार दिला नाही असे धरले, तरी ऐंशी दिवस. मुले हे उत्तर फळ्यावर बरोबर काढीत आणि विसरून जात. परंतु ज्या मुलाने एकदा डबा घेऊन चाळीचे चार मजले चढले आहेत, त्याला ते उत्तर समजते. शंभर रुपयांच्या मागे किती पायऱ्या असतात हे त्याच्या पोटऱ्यांना कळलेले असते. असा मुलगा पुढे कोणत्या संस्थेचा खजिनदार झाला तर सभेच्या चहावर खर्च करण्यापूर्वी क्षणभर थांबेल, अशी मला आशा आहे. (आपल्या मंडळाचा चहा मर्यादेत असतो, हे येथे नमूद करतो.)

आता तुटीची गोष्ट. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे लहानसे ध्वज देऊन नागरिकांकडून पैसे घ्यावयाचे आणि ते जायबंदी जवान, हुतात्म्यांची कुटुंबे आणि माजी सैनिक यांच्यासाठी द्यावयाचे, असा तो उपक्रम आहे. आमच्या शाळेत प्रत्येक मुलाला ध्वज मोजून दिले जात आणि संध्याकाळी एक तर ध्वज परत यावेत किंवा पैसे, असा नियम असे. एका वर्षी नववीतील एका मुलाच्या हिशेबात चौदा रुपये कमी भरले. मोजून मोजून पाहिले, कमीच. कोठे पडले की सुटे देताना चुकले, त्याला सांगता येईना. बाकीची मुले त्याच्याकडे ज्या नजरेने पाहू लागली ती नजर तुम्ही ओळखता. तो म्हणाला, “गुरुजी, मी घरून आणून भरतो, आईला सांगतो.” त्याचे कौतुक करून पैसे घ्यावेत आणि प्रश्न मिटवावा, असे तेथील कोणालाही वाटले असते. मी त्याला पैसे आणू दिले नाहीत. नोंदवहीत त्याच्याच हाताने ‘तूट रुपये चौदा’ असे लिहवून घेतले, खाली त्याची सही घेतली आणि शेजारी माझी केली. पुढे ती तूट आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरली, पण भरल्याची नोंदही निराळी केली.

मुख्याध्यापकांना हे फारसे रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे की, सरकारी काम आहे, रक्कम पुरी दिसली म्हणजे झाले. माझे म्हणणे असे की, रक्कम पुरी दिसणे आणि हिशेब खरा असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुलाने गुपचूप खिशातून पैसे भरले असते तर वहीने खोटेच सांगितले असते, मग ते खोटे कितीही प्रेमळ असो. शिवाय आज जो स्वतःच्या खिशातून गुपचूप भरावयास शिकतो, तो पुढे कधी गुपचूप काढावयासही शिकेल की नाही हे कोणी सांगावे? दोहोंच्या मुळाशी एकच समजूत असते की, डबा आणि खिसा यांच्यामध्ये भिंत नाही. ती भिंत मुलाला दाखविणे हे माझे काम होते. पुढच्या वर्षी त्याच मुलाने पैसे मोजण्याचे काम मागून घेतले आणि ते इतक्या काटेकोरपणे केले की शिक्षकसुद्धा त्याच्यापुढे रांगेत उभे राहिले.

याच्या उलट एक प्रकार आपल्याकडे चालतो, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सर्वांत अधिक निधी आणणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस. या बक्षिसामुळे काय होते हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. वडील कचेरीत पावतीपुस्तक फिरवून आणतात, मामा एकदम हजार रुपये घालतात आणि मुलगा एकही जिना न चढता पहिला येतो. त्याला ढाल मिळते. जी मुलगी दिवसभर हिंडून नाण्यांनी जड झालेला डबा आणते, तिला टाळ्याही मिळत नाहीत. मग तीही पुढच्या वर्षी वडिलांना पावतीपुस्तक देते. अशा रीतीने एका चांगल्या कार्यातून मुले नेमके नको ते शिकतात. अलीकडे याला प्रमाणपत्राची जोड मिळाली आहे. महाविद्यालयात अमुक तास सेवा केल्याचा कागद हवा, म्हणून येणारे येतात, छायाचित्र काढून घेतात आणि डबा ठेवून जातात. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. व्यवस्थाच तशी आहे. पण बक्षीस तरी आपण बंद करू शकतो, आणि ते करावे अशी माझी मंडळाला सूचना आहे.

दारात उभे राहिल्यावर मुलांना माणसांची पारख येते असे म्हणतात. माझा अनुभव जरा निराळा आहे. गरीब देतो आणि श्रीमंत देत नाही, हे वाक्य व्यासपीठावर टाळ्या घेते, पण ते खरे नाही. बंगल्यातून भरघोस देणारे पाहिले आहेत आणि झोपडीतून शिव्या देणारेही पाहिले आहेत. भाजीवाल्या मावशींनी दिवसाच्या कमाईतून वीस रुपये काढून दिल्याचे पाहिले आणि शेजारच्याच गाडीवाल्याने ‘मालक नाहीत’ म्हणून सांगितलेलेही पाहिले. मालक तोच होता! मुले सकाळी निघताना अंदाज बांधीत की, या घरी मिळेल, त्या घरी मिळणार नाही. संध्याकाळी ते अंदाज पडताळून पाहण्याचा आम्ही खेळच करीत असू. बहुतेक चुकलेले असत. दारावरून, कपड्यांवरून, आडनावावरून माणूस ओळखता येत नाही, एवढेच त्यांना कळे. पारख येत नाही. पारख आपल्याला आहे हा भ्रम जातो. माझ्या दृष्टीने ही कमाई अधिक मोलाची होय.

नकाराविषयीही थोडे सांगतो. पहिला नकार मिळाला की मुलाचा चेहरा उतरतो. पाचव्या नकारापर्यंत तो चिडतो. पंधराव्या नकारानंतर मात्र ‘बरं काकू, येतो’ असे म्हणून तो हसत जिना उतरतो. ज्यांना घरी कधी ‘नाही’ ऐकावे लागले नाही अशा एकुलत्या एक मुलांना हे औषध फारच लागू पडते. आज कित्येक घरांत मुलाने मागावे आणि आईवडिलांनी हजर करावे असा क्रम आहे. परीक्षेत एखादा विषय राहिला किंवा नोकरीसाठी दहा ठिकाणांहून पत्र आले नाही की ही मुले खचतात. नकार म्हणजे अपमान नव्हे, समोरच्याचीही काही अडचण असू शकते, हे चाळीच्या जिन्यावर स्वस्तात शिकता येते.

आता जरा दूरची आठवण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन करून निजलेली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, हजारो माणसे मृत्यू पावली. महाराष्ट्रात त्या वेळी घराघरातून मदत निघाली. आमच्या शाळेनेही कपडे आणि धान्य गोळा केले. दोनच दिवसांत एक वर्ग कपड्यांनी भरला. मुलांना वाटले, आता टेंपो आणावा आणि धाडावे. परंतु गाठोडी सोडली तेव्हा निम्म्या कपड्यांना बटणे नव्हती, काही फाटलेले होते, काही न धुताच बांधलेले होते. एका गाठोड्यात तर भरजरी शेला निघाला, ज्याचा त्या बिचाऱ्या माणसांना काडीचा उपयोग नव्हता. दहावीच्या मुलींनी निवडीचे काम अंगावर घेतले. कोणते ठेवावे आणि कोणते नाही यावर वाद झाला. एकीने निकष सांगितला: “जे मी स्वतः उद्या शाळेत घालून येईन, तेच जाईल.” त्या निकषाने ढीग निम्म्याहून कमी झाला. उरलेल्यांतील जे दुरुस्त होण्यासारखे होते ते मुलींनी चार दिवस बसून शिवले, बटणे लावली, धुऊन वाळविले. त्या चार दिवसांत मी इतिहासाचा तास घेतला नाही. त्याबद्दल मला कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी उत्तर तयार होते. आपल्याला नको ते देणे आणि दुसऱ्याला हवे ते देणे यांतला भेद त्या मुलींना कळला. तो अजून पुष्कळ मोठ्या माणसांना कळावयाचा आहे. प्रत्येक महापुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले दिसतात, त्यावरून मी हे म्हणतो.

येथे मला एका नाजूक विषयाकडे वळावयाचे आहे. बोलू की नको असे घरून निघताना मनात होते. पण आता बोलतोच.

आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याच स्मरणिकेत मागील पानावर साहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावे, इयत्ता आणि रक्कम हेही छापले जाते, आणि गेल्या काही वर्षांपासून छायाचित्रेही. हेतू शुद्ध आहे. पैसा कोठे गेला हे सभासदांना दिसावे, एवढाच. पण मागील फेरीच्या वेळी एका मुलीने मला जे विचारले ते ऐका. ती दहावीत होती, दिवसभर डबा घेऊन हिंडली होती. एका घरी त्या गृहिणीने स्मरणिका काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाली, “ही तूच ना गं? तुला गेल्या वर्षी पुस्तके मिळाली होती ना?” मुलगी ‘हो’ म्हणाली आणि पावती फाडून दिली. संध्याकाळी डबा माझ्यापुढे ठेवताना ती म्हणाली, “गुरुजी, देणाऱ्याचे नाव पावतीवर असते ते समजते. घेणाऱ्याचे नाव कशाला लागते?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला हिशेब लागतो, लेखापरीक्षकाला नावे लागतात. ती दप्तरात राहू द्यावीत. स्मरणिकेत ‘इतक्या विद्यार्थ्यांना पुस्तके, इतक्यांना शुल्क’ एवढे छापले तरी पैशाचा माग लागतो. त्या मुलीने त्या दिवशी जो डबा भरला तो कोणा दुसऱ्याच्या शुल्कासाठी होता. घेणाराच पुढच्या वर्षी मागणारा आणि कालांतराने देणारा होतो. मग ही नावे छापून आपण त्याच्या पायात कायमची बेडी का घालावी? मुलांकडून ही गोष्ट शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटलांची मुष्टिफंडाची रीत मला नेहमी आठवते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. गृहिणींनी दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, ते गोळा करून वसतिगृहातील मुलांच्या मुखी घालावे, अशी ती व्यवस्था होती. मूठ लहान असते, म्हणून देणाऱ्या बाईला उपकाराचा ताठा येत नाही, आणि धान्य एकाच कणगीत पडते, म्हणून घेणाऱ्या मुलाला कोणाच्या मुठीचा घास आपण खाल्ला हे कळत नाही. आणखी एक गोष्ट. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांची परंपरा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांपर्यंत पोहोचते. त्यांनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघण्यास उत्तेजन दिले. ज्यांना कोणीच उभे करीत नव्हते त्यांना निदान आपल्या माणसांनी आधार द्यावा, हा त्यामागचा व्यवहार्य विचार. परंतु आधारासाठी उभारलेल्या भिंती पुढे कोंडवाडा होऊ नयेत. म्हणून माझी दुसरी सूचना अशी की, आपल्या मुलांनी वर्षातून एक फेरी ज्ञातीच्या निधीसाठी आणि एक ज्ञातीबाहेरच्या कार्यासाठी काढावी. ध्वजदिन आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला तेव्हा आपल्या काही मुलांनी मंडळाला न विचारताच निधी गोळा केला होता. त्यावर सभेत नाराजी झाली होती, हेही मला स्मरते. मला तेव्हाही अभिमानच वाटला होता.

पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत. अभ्यासाचे काय? वर्षातला एक रविवार गेल्याने कोणाचे वर्ष बुडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. क्रिकेटचे सामने आणि फोन याहून अधिक रविवार खातात. मुलींच्या सुरक्षिततेचे काय? हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. म्हणून एकट्यादुकट्या मुलांना पाठवू नये. एक मोठा, एक लहान अशी जोडी असावी आणि मुलींच्या जोडीबरोबर ज्ञातीतील एखाद्या भगिनी असाव्यात. घराच्या आत जाऊ नये, दारातच उभे राहावे. अंधार पडण्यापूर्वी परत यावे. क्यूआर कोडलाही माझा विरोध नाही. तो छापून डब्यावरच चिकटवावा, म्हणजे ज्याच्यापाशी सुटे नाहीत तो फोनवरून देईल. एवढेच व्हावे की, त्या चित्रामागे हाडामांसाचे एक मूल उभे असावे, ज्याला समोरच्याने ‘मागल्या वर्षीच्या पैशांचे काय केलेत?’ असे विचारावे आणि ज्याला त्याचे उत्तर देता यावे.

कार्यकारी मंडळाची बैठक येत्या महिन्यात आहे. फेरी बंद करण्याचा ठराव मांडण्यापूर्वी मंडळाने निदान एक वर्ष बक्षिसावाचून, नावे न छापता आणि मागील हिशेब मुलांच्या हाती देऊन ती काढून पाहावी, अशी माझी विनंती आहे. ज्यांना यावयाचे असेल त्या विद्यार्थ्यांनी आपली नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत. डबे मी घरी धुऊन, पुसून ठेवले आहेत. सतरा आहेत, त्यांपैकी दोहोंची कुलपे बदलावी लागतील. संध्याकाळी पैसे मोजावयास कार्यालयाच्या ओट्यावर मी बसेन. मोजण्यासाठी आणखी चार जण हवेत, आणि त्यांतील दोघे तरी विद्यार्थी असावेत.